अण्णा ओटीपी सांगत नाहीत

समोरच्या शीतलला पुढच्या शिक्षणाची सीट मिळाली ना, त्यात थोडा माझाही हात आहे. ऐका तर.

पोरगी एमबीबीएस झालेली. तिला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं. कॉलेजांची यादी कॉम्प्युटरवर भरून चारच्या आत लॉक करायची, नाहीतर वर्ष फुकट. मी सहज डोकावले, तर ही रडकुंडीला आलेली. लॉक करायचा ओटीपी गेला वडलांच्या, म्हणजे अण्णांच्या फोनवर, आणि ते शिवाजीनगरच्या दुकानात!

तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"अण्णा, ओटीपी सांगा लवकर."

"ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो."

"अहो, मी शीतल!"

"आजकाल नंबर आणि आवाज, दोन्ही नकली करतात. माझ्या मुलीनंच शिकवलंय मला."

मग शीतलची आई, आमच्या वहिनी, बोलल्या, "अहो, सांगा ना हो!"

"बायकोचाही आवाज काढलात? पण जमला नाही. ती इतकं गोड बोलत नाही."

चारला सहा मिनिटं राहिली. मी स्पीकरवरचाच फोन ओढून घेतला. "अण्णा, मी समोरची अक्का. शुगर असताना रोज संध्याकाळी खालच्या बेकरीच्या आडोशाला उभं राहून खोबऱ्याचं गोड दिलपसंद कोण खातं, ते मला गॅलरीतून दिसतं."



"अक्का, लिहून घ्या." सहा आकडे सांगितले, आणि वर हळूच म्हणाले, "आमच्या घरी मात्र बोलू नका हं."

शीतलला बालरोगाची सीट मिळाली. अण्णांना रोज सकाळी मेथीचं पाणी मिळतं.