पाठीवरचे डाग

बीदरच्या स्टँडावर मी हुमनाबादच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी दुबलगुंडीची एक म्हातारी बसली होती. हैदराबादहून गाडी आली तशी तिची सून पोरीला घेऊन पळतच आली; लेक मागं सामान उतरवून घेत राहिला.

"आत्याबाई, गाठ वाढली न्हाई! डोळ्यामागच्या नसेवर व्हती तेवढीच हाय!"

"मंग कापायची कवा?"

"कापायचीच न्हाई! पोरीला चांगलं दिसायलंय म्हणले. तीन-तीन महिन्याला नेऊन दाखवायचं. वाढली तरच पुढचा इलाज."

"मैलारचा खंडोबा पावला गं!"

"आन् ऐका की! पोरीच्या अंगावरचे ते चहाच्या रंगाचे डाग हायत न्हाई का? ते आन् ही गाठ, दोन्हीचं मूळ एकच हाय म्हणं. रक्तातनं आलंय."

"कशाचं रक्तातनं? तू पोटुशी असताना ग्रहणात विळीवर बसलीस, त्याचे डाग हायत ते."

"ग्रहणाचं काय बी न्हाई! डाक्टरनं तुमच्या लेकाचा सदरा काढायला लावला. त्यांच्या पाठीवर बी तसलेच डाग!"

"व्यंकटच्या? ते तर उन्हानं पडले म्हणायचे मी."

"व्हय! मी तर हरकून तिथंच रडले. पोर झाल्यापासून तुमचं ऐकून घ्यायलेय."

"पोरीला इकडं आण, बघू दे पाठ."

"घ्या, बघा की. हेच ते डाग."

"सुमन, माझ्या पाठीवर बी हायत गं तसलेच, जलमापासून."

"अगं बया!"

"आईनं ग्रहणात जात्यावर दळलं म्हणून आजी तिला रोज बोलायची. आन् मी बी आईलाच बोलले, ती मरस्तोवर."