मामंजींचं भांडं

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. मनातल्या मनात शिव्या घालत केलेली सेवा देवाला पोचते का? हसू नका मावशी, तुमच्याकडे बघून नाही विचारलं.

ऐका तर. उत्तरेला, पृथ्वीच्या पार टोकाशी, बर्फाचा मुलूख. हिवाळ्यात तिथं सूर्य उगवतच नाही. झाड नाही, शेजार नाही. समुद्रकाठी एक झोपडं, त्यात नाया नावाची सून आणि तिचा आंधळा, अंथरुणाला खिळलेला सासरा. नवरा शिकारीला गेला तो बर्फापलीकडे अडकला.

सासरा कसला, जमदग्नीच! उशाशी एक भांडं, हाडानं ते बडवायचा. ठण ठण — पाणी दे. ठण ठण — कूस बदल.

"येतेय मामंजी, कानात बोळे नाही घातले!" (तिकडे सासऱ्याला काय म्हणतात देव जाणे, आपण मामंजी म्हणू.) मनात म्हणायची, सुटेन कधी यातून? पण मासा मिळाला की पहिला घास त्याला. ही काटे चोखायची.

एके दिवशी भांडं वाजलं नाही. म्हातारा गेला. जमीन गोठलेली, खणणार कशी? तिनं दाराशेजारीच त्याच्यावर दगड रचले. माणसाची वस्तू माणसाबरोबर, ही तिकडची रीत. भांडं आत ठेवलं. हवी होती ना शांतता? आता तेच झोपडं तिला खायला उठलं.

सरपण संपलं, म्हणून ती वाहून आलेली लाकडं वेचायला किनाऱ्यावर गेली आणि वादळ उठलं. झोपडं कुठं, समुद्र कुठं, काही कळेना. पायाखाली बर्फ करकरला. पाऊल चुकलं तर थेट पाण्यात. ती मटकन खाली बसली. डोळे मिटायला लागले.

टाळकरी, थांबा. पेटी थांबवा.

ठण... ठण.

"आले मामंजी," सवयीनं तोंडातून गेलं. आणि मग अंगावर काटा आला. तरी रांगत निघाली आवाजाकडे. हात दगडांना लागला. त्याच दगडांना. शेजारी दार.

वादळ ओसरल्यावर पाहिलं, तर एकही दगड हलला नव्हता. वाऱ्यानं वाजलं म्हणता? दगडांखालचं भांडं? मला नाही माहीत. नवरा परतला तेव्हा ती जिवंत होती, एवढं माहीत.

पोचते मंडळी, शिव्यांसकट पोचते. चिडा, करवादा, पण उठा. आज आरती थोडक्यात आटपू. तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी भांडं वाजत असेल.