अडीच तासांची झोप

बाबा : अगं, हळू. बारीक भोक आहे ते. विहीर खणायची नाहीये.

आई : बटण दाबलंच जात नाहीये आतलं. कानातलं वाकलं माझं.

बाबा : दहा सेकंद धरायचं, असं लिहिलंय कागदावर. तू तीन सेकंदांत सोडतेस.

आई : तू खिडकीतून हलू नकोस. कुठे आहेत त्या?

बाबा : बागेतच. मावशी बाकावर, बबडी गाडीत. एक पाय बाहेर काढलाय.

आई : कोणी?

बाबा : बबडीनं. मावशी कशाला गाडीतून पाय बाहेर काढतील?

आई : मोजा आहे का पायात?

बाबा : तिसऱ्या मजल्यावरून मोजा दिसत असता, तर कॅमेरा कशाला आणला असता? मीच उभा राहिलो असतो इथे सोमवारपासून, फुकटात.

आई : विनोद नको आत्ता. अर्ध्या तासासाठी खाली गेल्यात, त्यातली बारा मिनिटं गेली. हं... लागला. निळा दिवा लुकलुकतोय.

बाबा : आता वाय-फाय निवड. आपली दोन दिसतील. साधं घे, शेवटी पाच लिहिलेलं नको, त्याला ते झेपत नाही.

आई : पासवर्ड?

बाबा : तूच ठेवलायस.

आई : बबडीचं जन्माचं वजन, ग्रॅममध्ये. पुढे माहेरच्या कुत्र्याचं नाव.

बाबा : नवऱ्याचा नंबर कुठेच नाही.

आई : कुत्रा पहिल्या हाकेला यायचा. आता हे चौकोनी ठिपक्यांचं चित्र आलं मोबाइलवर. काय करू त्याचं?

बाबा : कॅमेऱ्याला दाखव. तोंडासमोर धर, वीतभर अंतरावर. आरसा दाखवतो तसं. मी काय म्हणतो, सरळ सांगून लावला असता तर? ‘मावशी, आम्ही कॅमेरा बसवतोय.’ विषय संपला.

आई : म्हणजे त्याच्यासमोर त्या गोडगोड वागणार. मला त्या एकट्या असताना कशा असतात ते बघायचंय. सोमवारी मी ऑफिसला जाणार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा माझं मूल त्यांच्या एकटीच्या हातात. सहा दिवसांची ओळख आमची.

बाबा : सहा दिवस तू घरातच आहेस की. काही वावगं दिसलं?

आई : गुरुवारी दिसलं ना. मी बँकेत गेले होते, आले तर ही झोपलेली. अडीच तास! आठ महिन्यांत ही मुलगी कधी पाऊण तासाच्या वर झोपलेली नाही. आणि उठली ती रडली नाही, कुरकुर नाही. टुकुटुकु बघत बसली.

बाबा : ह्याला काही लोक आनंदाची बातमी म्हणतात.

आई : काही लोकांना काहीच कळत नाही. ऑफिसातली ती अकाउंट्सवाली आहे ना, तिच्या भावजयीकडची बाई खोकल्याचं औषध पाजायची. मूल झोपायचं, बाई मालिका बघायची. तीन महिने पत्ता नाही कुणाला.

बाबा : म्हणजे तुला वाटतं की...

आई : मला काही वाटत नाही. मला बघायचंय. आणि त्यांची ती पिशवी बघितलीस? कापडी, चेन लावलेली. पाणी प्यायला जाताना पण खांद्याला असते. काय आहे एवढं तीत?

बाबा : अगं, बाकावर कुणी नाहीये.

आई : काय?

बाबा : बाक रिकामा. गाडी पण दिसत नाही.

आई : तुला एक काम दिलं होतं! एक! लिफ्ट वाजली का आत्ता? हे ठेव, ठेव पटकन त्या शब्दकोशाच्या आड... ए, हा बोलायला लागला! केवढ्यानं ओरडतोय! बंद कर ना!

बाबा : कसा बंद करू? ‘जोडणी पूर्ण झाली, अभिनंदन’ म्हणतोय. म्हणू दे एकदाचं.

मावशी : कोण आलंय, ताई? बाईचा आवाज आला.

आई : कोणी नाही हो. टीव्ही.

मावशी : टीव्ही तर बंद आहे.

बाबा : मोबाइल. मोबाइलवर एक... अभिनंदनाचा फोन होता.

मावशी : असं होय. गाडीच्या चाकात दोरा गुंतला म्हणून आले वर. धरा हिला जरा. आणि दादा, तो कॅमेरा तिथे नका ठेवू. समोर खिडकी आहे. उजेड थेट डोळ्यावर येतो त्याच्या, माणूस नुसता काळा दिसेल.

आई : कॅमेरा... कुठला?

मावशी : पुस्तकांत बसलाय तो. वरच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात ठेवा. पाळणा दिसेल, दार दिसेल, आणि मी पण पूर्ण दिसेन. तिथे मधल्या फळीवर माझं फक्त कंबरेखालचं दिसणार. त्याचा काय उपयोग?

आई : तुम्हाला बरंच माहीत आहे ह्यातलं.

मावशी : अकरा घरं झाली, ताई. सात घरांत कॅमेरे. एका घरी तर भिंतीवरच्या घड्याळात बसवलेला. घड्याळात महिनाभर सव्वासात. मला वाटलं, सेल गेला, बदलावा. उघडून बघते तर आत हा.

बाबा : मग?

मावशी : मग काय, सेल बदलला आणि परत लावलं. घड्याळ चालू झालं. त्या बाईंनी संध्याकाळी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

आई : आमचं तसं नाही हो. आम्ही चोरांसाठी लावतोय. हल्ली काय काय ऐकू येतं.

मावशी : हो ना. चोरांचं काही सांगता येत नाही. मेले नेमके पाळण्यापाशीच येतात.

आई : मावशी, तुम्हाला राग आला असेल तर...

मावशी : राग कशाचा? तुमचं लेकरू, तुमचं घर. एवढंच सांगते, आतल्या लहान खोलीत लावू नका. मी तिथे कपडे बदलते. बाकी कुठेही लावा. द्या हिला इकडे, दूधभात माखलाय मानेपर्यंत. पुसून घेते.

आई : ...ऐकलंस?

बाबा : ऐकलं. तुझा गुप्तहेर खात्यातला पहिला दिवस फार थोड्यात आटोपला.

आई : ते नाही. आतल्या खोलीत नको म्हणाल्या.

बाबा : कपडे बदलतात तिथे. तू कॅमेऱ्यासमोर बदलशील?

आई : आणि कॅमेरा कुठे काय टिपतो, कुठे टिपत नाही, हे तोंडपाठ आहे त्यांना. कंबरेखालचं, कंबरेवरचं. इतकं कुणाला माहीत असतं?

बाबा : सात कॅमेऱ्यांत राहिलेल्या माणसाला.

आई : तू वरच्या फळीवर ठेव तो. आणि आपण बाहेर जाऊ. खोटंखोटं. जिन्यात उभं राहून बघू अर्धा तास. मावशी! आम्ही दुकानात जाऊन येतो जरा!

मावशी : या जाऊन! येताना मोठ्या मापाचे डायपर आणा. मधल्या मापाच्यांचे हिला आता वळ उठतात.

(एक मजला खाली, जिन्यात. दोघं मिळून एक मोबाइल धरून.)

आई : सरक ना. तुझं डोकं मध्ये येतंय.

बाबा : चित्र छान आलंय पण. कोपरा त्यांनी बरोबर सांगितला. पाळण्याची कडी पण दिसतेय.

आई : त्या काय करतायत? येरझारा घालतायत. बबडी खांद्यावर. ओठ हलतायत त्यांचे. काय बोलतायत तिच्याशी?

बाबा : आवाज बंद आहे. थांब, खाली चित्रं आहेत. हा कर्णा, हा माइक. आवाज हवा म्हणजे... माइक. दाबला. कर्णा पण आपोआप लागला. आला बघ, पंख्याचा आवाज येतोय.

आई : गाणं पण म्हणत नाहीयेत. नुसतं हुं हुं हुं चाललंय. डोळे मिटत आले तिचे. एवढ्यात? माझ्याकडे तास लागतो.

बाबा : तू गाणी म्हणतेस. म्हणून जागी राहत असेल, स्वसंरक्षणासाठी.

आई : अरे, बबडीनं मान वर केली. दचकली कशाला?

बाबा : दचकली नाही, इकडेतिकडे बघतेय. हां, मावशींनी तिला खाली ठेवलं. चटईवर.

आई : का ठेवलं? झोपत आली होती. बघ, बघ! पिशवी घेतली. चेन उघडली. तुला म्हटलं होतं ना मी! बाटली काढली. छोटी, पांढरी. बूच काढतायत.

बाबा : अगं, श्वास घे.

आई : हेच! हेच पाजलं असणार गुरुवारी! त्याशिवाय अडीच तास झोपते का ती? मला पहिल्या दिवसापासून खात्री होती, ही बाई माझ्या पोरीला काहीतरी पाजते. सोड मला, मी वर जाते.

बाबा : थांब. थांब, बघ आधी. त्यांनी स्वतःची मान मागे केली. डोळ्यात घालतायत. स्वतःच्या.

आई : ...डोळ्यात?

बाबा : एक थेंब. दुसऱ्या डोळ्यात एक. झालं. बूच लावलं. आणि आता... इकडेच बघतायत. थेट आपल्याकडे.

आई : त्यांना थोडेच आपण दिसतो.

मावशी : दिसत नाही, ताई. पण ऐकू येतंय सगळं.

आई : अरे, काय दाबलंस तू?

बाबा : माइक. मला वाटलं... तो आपण बोलण्यासाठी असतो काय?

मावशी : हो, दादा. कर्णा ऐकायचा, माइक बोलायचा. पंख्याच्या आवाजापासनं ऐकतेय मी. ही झोपत आली होती, आईचा आवाज आला तशी जागी झाली. आता बघा, कपाटाशी गेली रांगत. खालच्या फळीतली पुस्तकं ओढतेय. आई आत बसलीय असं वाटतंय तिला.

आई : मावशी, मी...

मावशी : बोलू नका, शोधत राहील. बरं, आता बोललातच, तर ऐका. डोळे कोरडे पडतात माझे. दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात, ते थंडाव्यात ठेवायचे, म्हणून पिशवीत बर्फाची थैली. लेकराच्या हातात बाटली जाऊ नये म्हणून पिशवीला चेन. वर या, बघून घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी पण आहे आत.

आई : चिठ्ठी नको, मावशी.

मावशी : नको कशी? मनात राहिलं तर उद्या परत जिन्यात उभ्या राहाल. आणि गुरुवारी ती का झोपली ते पण विचारून टाका. विचारलंच नाहीत तुम्ही. माझ्यामागे बोललात, मला विचारलं नाहीत.

आई : का झोपली?

मावशी : तुम्ही घरात नव्हता म्हणून.

आई : म्हणजे?

मावशी : तुम्ही घरात असलात की दर दहा मिनिटांनी येता आणि तिच्या नाकाखाली बोट धरता. श्वास चाललाय का बघायला. ती हलते, नाक चोळते, चाळवते. पाऊण तासात जागी. सोमवारपासून बघतेय मी. बोलले नाही. नवीन बाईनं पहिल्याच आठवड्यात आईला शिकवू नये.

बाबा : माझ्याही नाकाखाली धरलंस तू एकदा.

आई : तू गप्प बस. मावशी, तिला जन्मल्यावर नऊ दिवस नळ्या होत्या. काचेच्या पेटीत होती. तिथे एक यंत्र होतं, श्वास थांबला की वाजायचं. दोनदा वाजलं. घरी आणली तेव्हा यंत्र नव्हतं.

मावशी : ...हे मला माहीत नव्हतं.

आई : कुणाला सांगत नाही मी.

मावशी : मला सांगायला हवं होतं, ताई. दूध किती, डायपर कुठे, डॉक्टरांचा नंबर, सगळी यादी दिलीत. हे लिहिलं नाहीत. हे मला सगळ्यात आधी कळायला हवं होतं. मग मी पण बघितलं असतं. बोट न लावता. पोट वरखाली होतं ना, ते लांबून दिसतं.

आई : कॅमेऱ्यात दिसतं?

मावशी : दिसेल की. मी पाळण्याचं तोंड फिरवते तिकडे. पांघरूण छातीखाली ठेवते. झालं? दिसतंय का आता?

आई : पाळणा दिसतोय. ती कुठेय?

मावशी : अजून पुस्तकांतच. तुम्ही तो माइक बंद करा आता, म्हणजे विसरेल. दादा, कर्णा राहू द्या. माइक बंद.

बाबा : करतो, मावशी. आणि... चुकलं आमचं.

मावशी : असू द्या. घड्याळवाल्या बाईंपेक्षा तुम्ही बरे. तुमचं निदान ऐकू तरी आलं.

आई : थांब, एक मिनिट, बंद करू नकोस. मावशी? सोमवारी याल ना तुम्ही?

मावशी : मी साडेआठला येणार, ताई. तुम्ही नऊला घराबाहेर पडणार का, तेवढं ठरवा.