सगुणामावशीनं नाव घेतलं

तुम्हाला सांगतो, इंग्रजी अमलातल्या एका निवडणुकीत मी कामशेतच्या शाळेत मतदारयादी घेऊन बसलो होतो. एका बाईनं सगुणा म्हणून नाव सांगितलं. नवऱ्याचं विचारलं, तर फाडकन म्हणाली, "धोंडिबा!"

मला शंका आली. सकाळपासून एकीनंही नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं, शेजारणीच सांगायच्या. मी सासऱ्याचं नाव विचारलं, तशी ती पळाली.

केंद्रावरच्या साहेबांनी फर्मावलं, आता नवऱ्याचं नाव जिचं तिनंच सांगायचं, शेजारणीनं नाही.

थोड्या वेळानं खरी सगुणामावशी आली आणि नवऱ्याचं नाव विचारताच तिनं लाजून तोंडाला पदर लावला.

"मावशी, मघाशी तुमचं मत दुसरीच देत होती," मी म्हणालो.

"माझं मत? लिवा, धोंडिबा!"

मग मागच्या बायकांकडं वळून म्हणाली, "घ्या गं नावं, न्हाईतर मत जातंय!"