पापनाशमची कुंची

आम्ही कुंभकोणमचेच. पणजा तंजावरास राजवाड्यांत कापडं शिवत होता म्हणतात, मग राजवाडाही गेला, पणजाही गेला, मजजवळ सुई तेवढी राहिली. आई तान्ह्या लेकरांचीं झबलीं शिवायची, तिनंच मज शिकवलं. साडी जुनीच घ्यावी, धुऊन धुऊन मऊ झालेली, शिवण बाहेरच्या अंगास ठेवावी, गाठ आंत राहिली कीं लेकरास टोचते. आमच्या वीथींत मराठी घर असो, तमिळ घर असो, लेकरूं जन्मलं कीं पहिलं झबलं माझ्या हातचं. होंव, गर्व होता मज. असूं दे की.

धाकट्या भावाच्या बायकोस, सुभद्रेस, दिवस गेले तेव्हां कोणास न विचारतां मी ठरवलं, बारशाची कुंची माझी. आत्याचा मान तो, काय सांगूं तुम्हांस, पाळण्यांत घालायचं आत्यानं, कानांत नांव सांगायचं आत्यानं, मग डोकं-पाठ झांकायची कुंची दुसरी कोण शिवणार? आईची निळी साडी जपून ठेवली होती, ती फाडली. टांके असे बारीक घातले कीं डोळे दुखून आले. चुलीपुढेंही मांडीवर तेंच. आमचे ते म्हणटले, अगे, भात करपला. करपूं दे म्हणटलं.

सुभद्रेस आईबाप नाहींत, थोरली बहीण पापनाशमास, बाळंतपण तिनंच केलं. मुलगी झाली. बारशास आम्ही सगळे रेलनं गेलों, अणीक दारांतून बघतें तर काय, मुलगी कुंचींतच! पोपटी रेशीम, जरीचा काठ, त्या बहिणीनं मशीनवर शिवलेली. नवऱ्यानं त्या बाईस शिवणाचं मशीन घेऊन दिलं होतं, घरांत मधोमध ठेवलेलं, येणाऱ्याजाणाऱ्यास दिसावं असं. सुभद्रा म्हणटली, अक्का, आज ही असूं दे, तुमची निळी रोज घालूं. रोज! जशी मी भांडीं घासायचं फडकं आणलं होतं.

वर बंद बांधायचे ते आत्यानंच. तिची कुंची मी माझ्या हातानं बांधली. बांधतां बांधतां उलटून बघितली, कोठें वांकडी असेल, धागा लोंबत असेल. कायी नाहीं. अस्तर लावून शिवण सगळी झांकलेली, नांव ठेवायला जागा ठेवली नव्हती त्या बाईनं. मग मनांत म्हणटलं, एवढ्या उन्हांत रेशीम, आतां रडेल बघा. कुठलं रडतंय! जांभई दिली अणीक झोंपली. बायका सगळ्या वा वा करताहेत. ती पापनाशमची मजच म्हणटते, गोदाक्का, तुमच्यापुढें माझं काय? असलं गोड बोलणं मज सोसत नाहीं, अजून सोसत नाहीं.

सुभद्रा शब्दाची पक्की हो. घरीं आल्यावर माझी निळी रोज घातली, झबलीं रोज घातलीं, मुलगी त्यांत मुतली, ओकली, रांगली. विरून विरून फाटलीं. कुंचीचं शेवटलं फडकं दिव्याची कांच पुसायला गेलं. अणीक ती पोपटी पेट्टींत, कापूर घालून, नवी ती नवीच.

ती मुलगी, तारा, आतां शाळेस जाते. परवां दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, मैत्रिणी जमवून कुंची दाखवत होती, माझ्या मावशीनं शिवली म्हणून. मी जवळच बसलेली. मज विचारते, आत्ये, तुज येवढं शिवतां येतं, मग मजसाठीं तूं कायी शिवलीस नाहींस? सुभद्रा आंतून ऐकत होती. तिनं तरी तोंड उघडावं! उघडलं नाहीं. मी म्हणटलं, जा ग, खेळ जा. घरीं येऊन मात्र रडलें.

आतां सुभद्रेस परत दिवस गेलेत. ही बघा, जांभळं रेशीम, विणकराच्या दारांत बसून काठ निवडून आणला. हात लावूं नोका, घाम असतो हातास. या वेळीं मी झबलं एक शिवणार नाहीं, झबलीं पापनाशमहून येऊं देत, मुतूं दे त्यांवर. सुभद्रेस सांगणार आहें, बारशास एकदां घाल अणीक पेट्टींत ठेव, रोज घालूं नोको. लेकरूं सुखानं वाढो, औक्षवंत होवो, अणीक पेट्टी उघडील त्या प्रत्येक वेळेस म्हणो, आत्यानं शिवली.