कागदावर मेलेली आत्या

जुने कागद उकरायचा नाद वाईट, सांगतो तुम्हाला. डोलवीकडे कंपनी आली आणि आमच्या शेताला गिऱ्हाईक लागलं. बाबांनी मला जुने फेरफार काढायला पेणच्या तहसील कचेरीत पाठवलं. बघतो तर आजोबांना वारस एकटे बाबा, आणि त्यांच्या बहिणीच्या नावापुढे 'मयत'. आत्या तर रोह्यात धडधाकट नांदत होती!

घरी विचारलं, तर बाबा म्हणाले, "तुला कागद आणायला धाडला होता, वाचायला नाय."

तसाच रोह्याला गेलो, आत्याला सगळं सांगितलं. वाटलं, भांडायला उठेल. तिनं एवढंच विचारलं, "कंच्या साली मेले रे मी?"

मी साल सांगितलं.

"मग बरोबर हाय," ती म्हणाली. "त्याच साली लगीन लावून मला उजवली."