मधल्या वाडीचा मान

माणसाने कुठेही जन्मावं, आमच्या मधल्या वाडीत जन्मू नये! गेल्या पावसात पऱ्याला पूर आला नि ये-जा करायचा साकव वाहून गेला. नवा बांधून मागितला, तर वरच्या गावचा सरपंच म्हणाला, "वाडी खालच्या गावाची." खालचा म्हणाला, "छे, वरच्यांची."

आणि शिमग्याला बघा! दोन्ही गावच्या पालख्या एकदम माझ्या अंगणात.

"वाडी आमची, पहिला मान आमचा!"

"तुमची कधीपासून? पिढ्यान्‌पिढ्या आमची!"

माणसं हातघाईवर आली. माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "ज्याची वाडी, त्याने उद्यापासून साकव बांधायचा! बोला, कोणाची?"

ढोलसुद्धा थांबले. मग वरच्या सरपंचाने खालच्याला हात जोडले, "आधी तुमची पालखी नाचू दे."

"छे छे, मान तुमचाच!"

अजून मान देतायत एकमेकांना. मी विजार वर खोचून पऱ्या ओलांडतोय.